मंगळसूत्र ओढणाऱ्या पोराला सुधारायची संधी का द्यायची? प्रोबेशन ऑफिसर म्हणून मला जे वाटतं ते

तुमचा प्रश्न वाचला. आई सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेली होती, मागून बाईक आली, मंगळसूत्र ओढलं, आई पडली, खांदा दुखावला. पोरगं सापडलं, वय 20, आणि आता त्याचा वकील म्हणतोय की गुन्हा शाबित झाला तर आम्ही प्रोबेशन मागणार, पहिलाच गुन्हा आहे, सुधारायची संधी मिळायला पाहिजे. तुम्ही विचारताय की आमच्या आईला कुणी संधी दिली होती का, आणि असल्या पोरांना सरळ आत टाकायचं सोडून कायदा त्यांचे लाड का करतो.

मी परिविक्षा अधिकारी होतो, लोक प्रोबेशन ऑफिसर म्हणतात, कोल्हापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत नोकरी झाली, आता रिटायर आहे. तुमचा राग खोटा नाही आणि तो गिळा असं मी सांगणार नाही. पण शिक्षा की सुधारणा अशी जी आपण दोन टोकं धरून भांडतो ना, ते कामात असताना मला कधीच तसं दिसलं नाही. पोरगं पुन्हा कुणाच्या आईच्या गळ्याला हात घालणार की नाही हे ठरतं ते कोर्टाच्या निकालानंतर, त्याला धरून ठेवणारं कोण आहे त्यावर. आणि नेमका तोच भाग आपल्याकडं कुणी बघत नाही.

आधी कायद्याचं सांगतो, कारण बरेच जण प्रोबेशन म्हणजे सुटका समजतात. 1958 चा अपराधी परिविक्षा अधिनियम आहे, त्याच्या कलम 6 प्रमाणे शिक्षा सुनावताना आरोपी 21 च्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर कोर्टाने त्याला शक्यतो जेलमध्ये पाठवू नये, पाठवायचंच असेल तर कारण लिहावं लागतं आणि त्याआधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवावा लागतो. म्हणजे तारखा पडत पडत निकालापर्यंत पोरगं 21 चं झालं तर हे कलम गेलं, मग कलम 4 उरतं, ते कोर्टाच्या मर्जीवर. आता तुमच्या केसमध्ये चार्जशीट उघडून कलम कुठलं लावलंय ते बघा. नुसतं हिसकावणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 304 असेल तर शिक्षा 3 वर्षांपर्यंत. पण ओढताना मुद्दाम मारहाण केली, ढकललं, इजा केली असं असेल तर जबरी चोरीचं 309 लागतं, आणि त्यातला इजा करण्याचा पोटभाग जन्मठेपेपर्यंत जातो, तिथं प्रोबेशनचा प्रश्नच येत नाही. त्यामुळं आईचं मेडिकल झालंय का, खांद्याचं त्यात आलंय का, हे आजच तपास अधिकाऱ्याला विचारा. वकील काय म्हणतोय त्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

पुढचं सगळं 304 धरून बोलतो.

प्रोबेशन मिळालं तरी पोरगा निर्दोष होत नाही. दोषी ठरतो, शिक्षा फक्त थांबवून ठेवतात. 3 वर्षांपर्यंतचा बाँड म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी, जामीनदार, ऑफिसरच्या देखरेखीखाली राहायचं, पत्ता बदलायचा तर विचारून, दारू नको, ठराविक लोकांत मिसळायचं नाही अशा अटी कोर्ट घालू शकतं, आणि अटी मोडल्या तर कोर्ट बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. शिवाय कलम 5 आहे, ते कुणी वापरतच नाही म्हणून मुद्दाम लिहितो, प्रोबेशनवर सोडताना फिर्यादीला नुकसानभरपाई द्यायला लावायचा अधिकार कोर्टाला आहे. तुमच्या आईच्या औषधपाण्याचा खर्च, तुटलेला दागिना, हे सगळं तिथं मागता येतं. जेलमध्ये गेला तर बहुतेक वेळा दंडातून मिळेल तेवढंच, आणि आत बसलेल्या पोराकडून दंड वसूल कसा होतो ते आम्ही बघितलंय.

आता रिपोर्ट म्हणजे काय ते सांगतो. तो आरोपीच्या बाजूने लिहायचा नसतो. मी घरभेटीला सकाळी लवकर जायचो, पोरगं उठायच्या आधी, आणि कळवून जायचो नाही. घरात गेल्यावर आई रडणार, बाप गप्प बसणार, हे ठरलेलंच, त्यावरून काही लिहायचं नाही. मी बघायचो की दारात उभी असलेली गाडी कुणाची, पोराच्या पायातल्या बुटाची किंमत आणि घराच्या पत्र्याची अवस्था यांचा मेळ बसतो का, शेजारीण आपणहून बोलते का नजर चुकवते, शेवटच्या कामावरून त्याला काढलं का तो सोडून आला. मग एकच प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारायचो, ह्याला कुणाचा शब्द लागतो? बाप म्हणतो माझा, पण पोरगं बापाकडं बघत पण नसतं. एका केसमध्ये, पोरगं मोटारसायकली चोरताना सापडलेलं, घरातल्या एकाचंही नाव आलं नाही, धाकट्या बहिणीने हळूच सांगितलं, वस्तादांचा. म्हणजे तालमीतले, जिथं हा पूर्वी जायचा आणि दोन वर्षांपासून जाणं बंद होतं. मी तालमीत गेलो, वस्ताद आधी चिडले, म्हणाले चोराला माझ्या मातीत पाय ठेवू देणार नाही, मग तासभर बसलो, शेवटी म्हणाले पहाटे पाचला आला तर बघतो, सव्वापाचला आला तर परत पाठवणार. ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं, जसंच्या तसं. कोर्टाने बाँडवर सोडलं, जामीनदार मामा होता पण खरी देखरेख वस्तादांची. पोरगं पैलवान वगैरे काही झालं नाही, आज टेम्पो चालवतंय, लग्न झालंय, पोलीस स्टेशनला पुन्हा नाव नाही.

आणि उलटं पण लिहिलंय मी. ज्या पोराला कुणाचाच शब्द लागत नाही, घरच्यांना चोरीचा पैसा माहीत आहे आणि चालतोय, तिथं सरळ लिहायचो की देखरेखीला आधार नाही, शिफारस करत नाही. तेव्हा आरोपीच्या घरच्यांच्या शिव्या खाल्ल्यात.

तुम्ही म्हणाल मग आत टाकून अद्दल घडली तर वाईट काय. आता आपल्या कोल्हापूरच्या कळंबा जेलचं बघा. आत सगळे शिक्षा झालेले असतात असा लोकांचा समज आहे, तसं नाही, देशभरातल्या जेलमध्ये चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. 20 वर्षांचं पोरगं चेन स्नॅचिंगमध्ये आत जातं, जामीन मंजूर होतो पण जामीनदार नाही, सातबारा कुणाचा आणायचा, घरात जमीनच नाही, म्हणून तसंच बसून राहतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आलंय, पहिल्यांदाच गुन्हा केलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्ची कैद काढली की त्याला बाँडवर सोडायचं आणि तसा अर्ज जेल सुपरिंटेंडेंटनेच कोर्टाकडं करायचा. 3 वर्षांच्या कलमात म्हणजे 1 वर्ष. पण 1 वर्ष म्हणजे थोडं झालं का.

त्या वर्षात काय होतं? मारहाण, बिघडलेल्या संगतीत आणखी बिघडणं, हे सगळे बोलतात. माझ्या मते खरा घोटाळा पैशाचा आहे. आत साबण, तेल, बिस्किट, फोनचा खर्च, सगळ्याला कँटीनच्या खात्यात पैसे लागतात. घरचे पाठवू शकत नाहीत, आई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करते, मुलाखतीला यायचं तर तिचा दिवसाचा पगार बुडतो. मग बराकीत कुणीतरी म्हणतो, काळजी करू नको, बाहेर आपला माणूस आहे, तो मनीऑर्डर टाकेल. टाकतो पण. पुढे तोच वकील लावून देतो, तोच जामीनदार उभा करतो. आणि सुटायच्या दिवशी, संध्याकाळची वेळ असते शक्यतो, कागद व्हायला उशीर होतो, पोरगं गेटातून बाहेर येतं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात दोन कपडे आणि जमा केलेला मोबाईल, तो वर्षभर चार्ज नसल्याने बंद, सिमकार्ड पण बंद झालेलं, आणि खिशात केएमटीच्या तिकिटापुरते पैसे असले तर असले. घरच्यांना आज सुटणार हे कळलेलंच नसतं. रस्त्याच्या पलीकडं बाईक घेऊन कोण उभं असतं? मनीऑर्डरवाला. आता त्या पोराला तुम्ही कितीही अद्दल घडवलेली असू दे, तो त्या बाईकवर बसतो, कारण दुसरी गाडी आलेलीच नाही. वर्षभराचं देणं झालंय डोक्यावर, ते फेडायचं कसं तर पुढचं काम करून. शहरात हे जे भाई लोकांच्या मागे फिरणारी पोरं दिसतात ना चौकाचौकात बोर्डावर फोटो लावून, त्यातली कितीतरी अशी आतून भरती झालेली आहेत. तुमच्या टॅक्सच्या पैशाने आपण त्याला वर्षभर सांभाळला आणि तयार करून दुसऱ्याच्या हातात दिला.

म्हणून मी म्हणतो की सुधारणा ही त्या पोरावरची दया नाही, ती पुढच्या बाईच्या गळ्याची सोय आहे.

याचा अर्थ जेल नकोच असं माझं मत नाही, अजिबात नाही. काही माणसं बाहेर असता कामा नयेत. आपल्याच जिल्ह्यातलं अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण कोण विसरलंय, लहान लेकरं पळवायची, चोऱ्यांसाठी वापरायची आणि नकोशी झाली की मारायची. 2001 मध्ये कोल्हापूरच्या सेशन्स कोर्टाने दोन्ही मुलींना फाशीची शिक्षा सुनावली, 2006 ला सुप्रीम कोर्टाने कायम केली, आणि 2022 मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली. लोकांना वाटतं कोर्टाला पाझर फुटला. तसं नाही, 2014 मध्ये दयेचा अर्ज फेटाळला गेला पण मधल्या काळात सरकारी कागद इकडून तिकडं जायला सात वर्षांच्या वर लागली, त्या दिरंगाईमुळं फाशी गेली. तिथं सुधारणेचा विषयच नव्हता. असल्या केसेस पुढे करून आपण 20 वर्षांच्या पोराच्या पहिल्या चोरीचा निर्णय करायला जातो, ते चुकतंय.

बायकोला रोज मारणारा, लहान पोरींवर हात टाकणारा, ठरवून टोळी चालवणारा, यांना पहिला गुन्हा म्हणून प्रोबेशन द्यावं असं मला कधीच वाटलं नाही, कारण तो पहिला गुन्हा नसतो, पहिल्यांदा पकडलेला असतो. आणि तुमच्या केसमध्ये अजून दोघं आहेत ज्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. एक बाईक चालवणारा, दुसरा ते मंगळसूत्र विकत घेणारा. चोरीचा माल घेणं हा न्याय संहितेत 317 खाली वेगळा गुन्हा आहे. सोनं वितळवून देणारा तयार बसलाय म्हणून गळ्यातलं ओढायला पोरं मिळतात. कडक व्हायचं तर त्याच्यावर कडक व्हा, तो 20 वर्षांचा नाही, उपाशी नाही, आणि त्याला काय करतोय ते पूर्ण माहीत आहे.

शिक्षा वाढवली की गुन्हे कमी होतात का? माझा अनुभव असा की चोरी करायला निघालेल्या एकाही पोराला कलमाची शिक्षा किती वर्षं ते माहीत नव्हतं. पकडलं जाणार की नाही एवढाच हिशोब असतो. आणि पकडलं तरी निकाल पाच सहा वर्षांनी लागणार असेल तर तोपर्यंत त्याचं लग्न होतं, पोर होतं, मग शिक्षा भोगतं ते पोर. लवकर लागणारी लहान शिक्षा उशिरा लागणाऱ्या मोठ्या शिक्षेपेक्षा जास्त काम करते, कामात असलेल्या कुठल्याही पोलिसाला विचारा, तो पण हेच सांगेल.

आपल्या कोल्हापुरात हे नवीन नाही खरं तर. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जन्माला आला की गुन्हेगार, रोज सरकारी हजेरी. शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांना बघून लोक दारं लावायचे त्यांना पहाऱ्यावर ठेवलं. तो कायदा देशातून जायला 1952 साल उजाडलं. यात भाबडेपणा नव्हता, महाराजांनी नुसती हजेरी काढली असती तर काही झालं नसतं, त्यांनी हजेरी काढली आणि त्याच वेळी पगार दिला, राहायला जागा दिली. दोन्ही एकत्र. आणि आजही एखाद्या गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला त्याचा त्रास होतो.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी स्वातंत्र्याच्या आधी चालू केलेली खुली वसाहत, शिक्षा झालेले कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात, भिंत नाही. जमलं तर एकदा बघून या, इथून काही लांब नाही. कळंब्यात पण काम होतं, सुतारकाम, शिवणकाम, माग, अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही वर्षं तिथल्या कैद्यांनी वळलेत आणि आपण सगळ्यांनी ते कपाळाला लावून खाल्लेत. 2022 पासून राज्यात जिव्हाळा नावाची योजना आहे, राज्य सहकारी बँक कैद्याला 50,000 पर्यंत कर्ज देते, 7 टक्क्यांनी, आत केलेल्या कामाच्या मजुरीतून फेडायचं. घरच्यांना पोराच्या फीसाठी, आजारपणासाठी उपयोगी पडतं. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण मनीऑर्डरवाल्याची जागा ती घेते. पण मजुरी मिळते ती शिक्षा झालेल्याला, कच्च्या कैद्याच्या वाट्याला हे जवळपास काहीच येत नाही, आणि सगळ्यात जास्त गरज त्यालाच.

बाहेर आल्यावरचं काम. शिरोलीत, गोकुळ शिरगावला फौंड्रीत माणसं कमी आहेत म्हणून मालक ओरडत असतात, पण लेबर कॉन्ट्रॅक्टर पोलीस व्हेरिफिकेशन मागतो आणि तिथं विषय संपतो. प्रोबेशनवर सुटलेल्याला त्या कायद्याच्या कलम 12 ने शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही, हे कागदावर आहे, कॉन्ट्रॅक्टरला ते कोण सांगणार. मी उद्यमनगरातल्या लहान वर्कशॉपवाल्यांकडं जायचो, ज्यांच्याकडं चार पाच माणसं असतात आणि मालक स्वतः लेथवर उभा असतो. त्यातला एक म्हणाला होता, काय केलंय ते आधी सांगून आणा, लपवून आणलंत तर पहिल्या दिवशी हाकलीन. ही अट मला आवडली, मी नंतर सगळीकडं तीच अट स्वतःहून सांगायला लागलो. मालकाला माहीत असलं की उद्या पोलिसांनी चौकशीला बोलावलं तर तो घाबरत नाही, आणि पोराच्या डोक्यावर पण कळेल कळेल म्हणून टांगती तलवार राहत नाही. पगार सुरुवातीला आठवड्याला द्या एवढं सांगायचो, महिनाभर थांबायची ताकद त्या पोरात नसते, कारण मनीऑर्डरवाला रोज दारात असतो. पहिले सहा महिने टिकला तर बहुतेक टिकतो. त्या सहा महिन्यांत त्याच्याकडं बघायला सरकारने माणूस ठेवलाय का? एका ऑफिसरकडं अख्खा जिल्हा, त्यात बालगृहं, महिलांच्या केसेस, मीटिंगा, घरभेट कधी करणार तो. कोर्ट प्रोबेशन द्यायला का कचरतं त्याचं एक मोठं कारण हे आहे, बाँडवर सोडल्यावर बघणारं कुणी नाही हे न्यायाधीशांना पण माहीत असतं.

1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत समाजसेवा ही पण एक शिक्षा म्हणून आली आहे, 5,000 रुपयांच्या आतली पहिली चोरी आणि माल परत केला तर वगैरे. तुमच्या केसला लागू नाही, पण चांगली सुरुवात आहे. फक्त गळ्यात पाटी अडकवून फोटो काढायचे प्रकार होऊ नयेत, पंचगंगा घाटावर विसर्जनानंतर खरं काम करायला लावा, वेळेत आला का ते लिहा, झालं.

आता तुमच्या आईचं, कारण या सगळ्यात तिचं नाव कुणी घेत नाही आणि तुमचा राग मुळात त्यामुळं आहे असं मला वाटतं. मंगळसूत्र किंवा त्याचं सोनं जप्त झालं असेल तर मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज कोर्टात आत्ताच द्या, निकालापर्यंत थांबायची गरज नाही, पावती नसेल तर लग्नातला फोटो जोडा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, सरकारी वकिलाला मदत करायला तुमच्या बाजूने वकील उभा राहू शकतो. उपचाराची बिलं एका फाईलला लावून ठेवा आणि निकालाच्या वेळी भरपाई मागितलीच पाहिजे असं त्या वकिलाला आधीच सांगून ठेवा, जेल झाली तरी आणि प्रोबेशन झालं तरी. प्रोबेशन ऑफिसर रिपोर्टसाठी फिरत असेल तर तुम्ही स्वतः त्याला भेटा, आई आता एकटी बाहेर पडत नाही, रंकाळ्यावर जाणं बंद केलं, रात्री दचकते, हे त्याला सांगा. फक्त आरोपीच्या घरचंच लिहावं असं कुठं म्हटलेलं नाही, मी फिर्यादीकडं जायचो आणि ते लिहायचो.

पोराच्या घरचे तडजोडीला येतील, आई येईल बहुतेक, पाया पडेल. दारातून हाकलू नका पण एकट्याने बोलू पण नका, वकील असताना बोला आणि पैसे हातात घेऊ नका, जे काय ते कोर्टातून. साक्षीच्या तारखेला आईला एकटीला पाठवू नका, कोर्टाच्या व्हरांड्यात ते पोरगं आणि त्याचे मित्र समोरच उभे असतात, तिथं तिच्या शेजारी घरातली दोन माणसं पाहिजेत, आणि सरकारी वकिलांना आदल्या दिवशी फोन करून विचारा की साक्ष नक्की होणार आहे का, नाहीतर दिवसभर बसवून संध्याकाळी पुढची तारीख देतात.